देवगाव फाट्याची चोवीस मिनिटं

कुणी स्वतःची गाडी घेऊन आमच्या परभणी जिल्ह्यात फिरायला निघालं की आधी माझ्याकडे येतं. ‘मुन्शीजी, तुमचा सगळा जिल्हा पायाखालचा. थांबावं अशी गावं सांगा.’ मीही मोठ्या थाटात सांगतो. कापसाच्या दिवसांत सेलूला उतरा, पेठेतून एक चक्कर मारली तरी टोपीवर कापूस बसतो. पालमला आठवडी बाजाराच्या दिवशी जा आणि काही विकत घ्यायचं नसलं तरी भाव विचारा, माणसं बोलकी आहेत. चारठाण्याला मात्र वाट वाकडी करून जा. तिथली जुनी देवळं आणि कोरीव दगडी खांब पाहायला निदान एक दुपार हवी.

हे सांगताना मनात थोडी चोरटी भावना असते. कारण याच गावांना मी स्वतः किती वेळ दिला ते मला ठाऊक आहे. सेलूला पंधरा मिनिटं, पालमला पाच आणि चारठाण्याला तीन. एवढ्या कोरीव कामाला तीन मिनिटं देणारा माणूस मीच. सरकारी मोटारखात्यात मी वेळापत्रकं करायचो.

वेळापत्रक कचेरीत बसून होत नाही. हैदराबाद संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या वर्षांत गावोगाव नवे रस्ते मोटारीला खुले होत होते. नवा मार्ग ठरला की त्यावर तीन वेळा रिकामी मोटार न्यायची. रिकामी म्हणजे माणसांशिवाय. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती बाकांवर ठेवायची. ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर पाटी, पाटीवर कागद आणि हातात खात्याचं साखळीचं घड्याळ. गाव आलं की ‘पोचली’च्या रकान्यात वेळ लिहायची, निघालो की ‘सुटली’च्या. तीन फेऱ्यांची सरासरी काढायची आणि ती छापायला द्यायची. त्यानंतर जिल्ह्यातली माणसं त्या आकड्यांप्रमाणे धावायची. ज्या लोकांनी आजवर ‘कासराभर दिवस वर आला’ एवढंच वेळेचं माप पाहिलं होतं, ते ‘दहा वीसची मोटार’ म्हणू लागले. तेविसाव्या वर्षी माणसाला एवढी सत्ता मिळू नये.

माझं शिक्षण उर्दूतून झालेलं. कचेरीतले जुने कागदही उर्दूतच, म्हणून मला मुन्शी म्हणायचे आणि पुढे कागद मराठीत आले तरी मी मुन्शीच राहिलो. ज्यांच्या हाताखाली मी लागलो त्या मोठ्या मुन्शींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “घड्याळ सांगेल ते लिहायचं. कारण लिहायचं नाही. कागदावर कारणाला रकाना नाही.” हे वाक्य मी मंत्रासारखं धरलं आणि त्यानंच माझा घात केला.

सेलू ते जिंतूर हा मार्ग नव्यानं सुरू व्हायचा होता. वाटेत देवगाव फाटा. तिथं तीन रस्ते एकमेकांना मिळतात. एक सेलूकडून येतो, एक जिंतूरला जातो, एक मंठ्याकडे. त्या काळी तिथं एक लिंबाचं झाड आणि एक मैलाचा दगड होता, बाकी चहूकडे ज्वारी आणि करडई. गाव आत, अर्ध्या कोसावर.

पहिल्या फेरीला फाट्यावर अख्खं देवगाव उभं. पहिली सरकारी मोटार येतेय म्हटल्यावर तिला ओवाळल्याशिवाय पुढं कशी जाऊ द्यायची? बायांनी बॉनेटला कुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला, आमचे ड्रायव्हर करीमचाचा यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. चाचा खाली उतरून सगळ्यांना हात जोडत होते. मग गूळ-पाणी. आमच्याकडे दारात आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय जाऊ दिलं तर गावाचं नाव जातं. मी घड्याळ पाहिलं, एकवीस मिनिटं. एकवीस लिहिली.

दुसऱ्या फेरीला मंठ्याच्या बाजूचं गाव हजर, हलगी घेऊन. “मोटार काय देवगावचीच हाय का? रस्ता आमचा बी हाय.” पुन्हा कुंकू, पुन्हा नारळ, पुन्हा गूळ-पाणी. बावीस मिनिटं.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर कुणी नसेल असं आम्हाला वाटलं होतं. पण सेलूच्या वाटेवर पाच-सहा घरांची एक वस्ती होती, तिथली माणसं आली होती. त्यांच्याकडे हलगी नव्हती, नारळही नव्हता. तीस-बत्तीस वर्षांची एक बाई तांब्या आणि गुळाची ढेप घेऊन पुढं झाली. हीच सरूबाई, पुढं मी तिला सरूअक्का म्हणू लागलो. गूळ-पाणी झालं तरी ती म्हणाली, “थांबा, चुलीवर दूद ठिवलंय. दोन गावांनी पाणी दिलं, आमी दूद देताव.” वस्तीतून दूध येईपर्यंत थांबलो. एकोणतीस मिनिटं.

“चाचा, ही वेळ लिहावी का?” मी विचारलं.

“घड़ी जो बोलती सो लिखो, मुन्शीजी,” चाचा मिशी पुसत म्हणाले. “अपने को क्या.”

एकवीस, बावीस आणि एकोणतीस. बेरीज बहात्तर, सरासरी चोवीस. मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली. ना माणूस ना घर अशा फाट्याला चोवीस मिनिटं आणि चारठाण्याला तीन, हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं नाही. पण कागदावर कारणाला रकाना नव्हता.

वेळापत्रक छापून आलं. महिनाभरानं कामानिमित्त मीच त्या मोटारीनं जिंतूरला निघालो. फाट्यावर दोन माणसं उतरली, एक चढला आणि मोटार उभीच. आमच्या खात्यात उशिरा सुटलं तर माफी होती, वेळेआधी सुटलं तर मेमो. त्यामुळे ड्रायव्हर हलेना. ऊन मी म्हणत होतं. माझ्या शेजारी पटका बांधलेले एक म्हातारबाबा होते. लिंबाखाली बसत ते म्हणाले, “ज्यानं कुनी हे येळापत्रक केलंय ना, त्याला ह्याच लिंबाला चोवीस मिन्टं बांदून ठिवाया पायजे.”

“खरंय बाबा,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेव्हाच कचेरीत जाऊन चूक सांगायला हवी होती. पण मी अजून कायम झालो नव्हतो. कायम झालो की सांगू असं ठरवलं, आणि कायम झाल्यावर सांगायची हिंमत आणखी कमी झाली. नोकरीत असंच होतं.

त्या चोवीस मिनिटांना पहिल्यांदा कामाला लावलं ते सरूअक्कानं. माणसं उन्हात ताटकळतात म्हणून ती घागर घेऊन येऊन बसू लागली. मग चूल मांडली. गुळाचा चहा, ज्वारीची भाकरी, ठेचा, पावसाळ्यात भाजलेली कणसं. वर चार बल्ल्यांवर पाचटाचं छप्पर आलं. पाण्याची चव इतकी गोड होती की जिंतूरचे प्रवासी रिकामे तांबे घेऊन मोटारीत बसत आणि फाट्यावर भरून घेत. एक न्हावी येऊन बसू लागला, पण त्याच्यानं चोवीस मिनिटांत अर्धीच दाढी व्हायची म्हणून तो टिकला नाही. मंठ्याकडच्या बैलगाड्या मोटारीच्या वेळेला येऊ लागल्या. लिंबाखाली सोयरिकी जुळल्या, दोन मोडल्याही. मी महिन्यातून एकदा तरी कामाचं निमित्त काढून तिकडे जायचो. माझी चूक फळाला आलेली पाहायला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

पण दिवाळी झाली की छप्पर ओस पडायचं. अक्काचा नवरा मारोती आणि ती घराला कुलूप लावून नगरकडच्या कारखान्यांवर उसाच्या तोडीला जात. कोरडवाहू तीन एकरांत वर्ष निघत नसे. भलंमोठं पितळी कुलूप होतं, मारोतीच्या बापानं सेलूच्या बाजारातून आणलेलं. अक्का चावी कमरेला लावून जायची आणि पाच-सहा महिन्यांनी परत यायची.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ती मला म्हणाली, “मुनशीभाऊ, औंदा कुलूप लावायचं न्हाई.”

“तोडीला जाणार नाही?”

“न्हाई. पोरगी तिसऱ्यांदा दुसरीतच बसलीया. हुशार हाय, मास्तर म्हन्तो. पन अर्दं वरीस फडात काडलं तर पाटीवरलं कसं ध्यानात ऱ्हाईल? मालकाला म्हन्लं, मोटार हाय तवर मी हितं चूल चालविते. तुमी शेत बगा.”

हे ऐकून मी हरखलो आणि आठच दिवसांत माझ्यावर आभाळ कोसळलं.

मराठवाडा तोवर मुंबई राज्यात गेला होता. कचेरीत नवे साहेब आले होते, पुण्याकडचे. माणूस शिस्तीचा, बोलणं कमी. त्यांनी जुनी वेळापत्रकं एकेक करून काढली. मला बोलावून त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

“देवगाव फाटा. लोकसंख्या किती?”

“फाट्यावर कुणी राहत नाही, साहेब.”

“मग आहे काय तिथं?”

“एक लिंब आहे. आणि मैलाचा दगड.”

“दगडाला चोवीस मिनिटं?” ते शांतपणे म्हणाले. “परवा मी स्वतः बसतो. घड्याळ तुम्हीच धरा. जी खरी वेळ निघेल ती लिहायची.”

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. तीन गावांचं गूळ-पाणी माझ्या कागदात वेळ म्हणून कसं पडलं, इथपासून. उद्या थांबा दोन-चार मिनिटांचा झाला तर मोटार येईल आणि धूळ उडवून जाईल हेही सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“म्हंजी आमच्या पाण्यानं तुमचा घोटाळा झाला म्हना की.”

“घोटाळा माझा. पण अक्का, उद्या कुणी ओवाळायला येऊ नका. हार नको, नारळ नको. साहेबाला एवढीही शंका आली तर माझी नोकरी जाईल आणि तुमचा थांबाही.”

“न्हाई येनार. पन खरी येळ किती निगंल?”

मी अंदाज केला. “आठ. फार तर दहा.”

“दहा मिन्टांत च्या हुतो का?” ती म्हणाली आणि मागं ओढलेलं लाकूड तिनं पुन्हा चुलीत सारलं. परतीच्या वाटेवर माझ्या मनात एक पाप आलं. उद्या घड्याळ माझ्याच हातात आहे. पण साहेबांच्या मनगटावरही एक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नसतं तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीची मोटार, नेहमीचे प्रवासी, चालवायला करीमचाचा. साहेब पुढच्या बाकावर. फाट्यावर पोचलो तेव्हा मी मनात देवाला म्हटलं, कुणी हार घेऊन येऊ नये. कुणी आलं नाही. चूल पेटलेली होती, चहाचा वास येत होता आणि एकही प्रवासी छपराकडे जात नव्हता. अक्कानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. माणसं चढली, उतरली, मंठ्याच्या गाडीतून आलेली दोन गाठोडी टपावर चढवली. कंडक्टरनं घंटी दिली. मी घड्याळ पाहिलं, साहेबांनी त्यांचं पाहिलं.

“नऊ,” साहेब म्हणाले.

“नऊ,” मी म्हणालो आणि लिहिलं. अक्का चुलीपाशी उभी राहून आमच्याकडेच पाहत होती.

दिवाळीआधीचं ते ऊन. साहेबांचा घसा कोरडा पडला असावा. ते खाली उतरले आणि छपराकडे गेले. मीही मागोमाग.

“बाई, जरा पाणी द्या.”

अक्कानं घागरीवर हात ठेवला. “आदी घड्याळ बंद करा.”

साहेबांना वाटलं आपल्याला नीट समजलं नाही. “काय म्हणालात?”

“तुमचं ते घड्याळ बंद करा, मग पानी देते. मागल्या येळंला आमी मोटारीला पानी दिलं, दूद दिलं, आन ह्या भाऊच्या कागदात ते येळ म्हनून पडलं. तीन वरीस समदे ह्या लिंबाखाली खोळंबले ते आमच्या गूळ-पाण्यापायी. आता पुन्यांदा खोटं नको. आमचं पानी तुमच्या घड्याळात नको.”

झालं. तीन वर्षं जे मी पोटात ठेवलं होतं ते तिनं तांब्याभर पाण्यासाठी साहेबांपुढं मांडलं, आणि तेही मला वाचवतेय अशा समजुतीनं. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मैलाच्या दगडाकडे पाहिलं.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, किल्ली ओढून बंद केलं आणि खिशात ठेवलं. “घ्या. झालं बंद.”

अक्कानं आधी गुळाचा खडा दिला, मग तांब्या. साहेब एका दमात प्यायले आणि दुसरा मागितला. ते पाहून मोटारीतले प्रवासी एकेक करून उतरले, कारण साहेबच पितात म्हटल्यावर बंदी कसली? करीमचाचांनी कपबशी हातात घेतली. साहेब दगडावर टेकले. चहा झाला, मग अर्धी भाकरी झाली. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “बाई, गाव तर आत आहे. इथं रानात चूल का मांडलीत?”

“पोरीला शाळंत ठिवायचं हाय म्हनून,” ती म्हणाली. “हितं चूल ऱ्हायली तर आमी उसाला जानार न्हाई. न्हाई ऱ्हायली तर जाऊ. तुमचं काम तुमी करा, सायेब. नऊ तर नऊ.”

तिच्या आवाजात रड नव्हती. मला मात्र तिथं उभं राहवेना, म्हणून मी टपावरची गाठोडी उगाच पुन्हा तपासली.

मोटार सुटली. साहेबांनी माझ्या मांडीवरच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, “लिहिलंत?”

“लिहिलं. नऊ.”

“तीन वर्षांपूर्वी कारण का लिहिलं नाहीत?”

“कारणाला रकाना नव्हता, साहेब.”

“आताच्या कागदावर आहे. शेरा.” मग ते म्हणाले, “आम्ही पाणी प्यायलो त्यात किती गेली?”

त्यांचं घड्याळ त्यांनी बंद केलं होतं. मला मात्र कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं, आणि सवयीनं मी निघताना पाहिलं होतं. “सोळा,” मी म्हणालो.

चारठाणा आलं. मी दिलेली तीन मिनिटं झाली आणि गेलीही. ते गाव मागं पडल्यावर साहेब बोलले. “ही मोटार आता जिंतूरवरून पुढं हिंगोलीपर्यंत जाते. इतक्या लांबच्या मोटारीला वाटेत एक विसावा द्यावा लागतो. तुमच्या वेळापत्रकात तो कुठंच नाही.”

“नाही साहेब. मार्ग वाढला तेव्हा...”

“ही दुसरी चूक. लिहा. चढउतार नऊ मिनिटं. विसावा सोळा मिनिटं. शेऱ्यात कारण लिहा.”

“काय लिहू?”

“पाणी चांगलं आहे.”

मी लिहिलं. नोकरीत पहिल्यांदा कारण लिहिलं. नऊ आणि सोळा पंचवीस. मी बेरीज दोनदा तपासली. माझ्या चुकीपेक्षा एक मिनिट जास्तच.

साहेबांनी मला सोडलं असं समजू नका. आठवड्याच्या आत लेखी ताकीद हातात पडली, ‘निष्काळजीपणाबद्दल’. ती मी जपून ठेवली आहे. बाकी कुठल्याही कागदाचा मला एवढा अभिमान वाटत नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या दिवशी साहेबांचं मन वळलेलं होतं, तेव्हाच चारठाण्यासाठीही दहा मिनिटं मागून घ्यायला हवी होती. सुचलं नाही. म्हणून आता येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट वाकडी करून तिकडे पाठवतो.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले. नवं वेळापत्रक लावायला मी त्या मार्गावर निघालो. वाटेत सेलूच्या रस्त्याला तोडकऱ्यांच्या बैलगाड्या लागल्या. कोयते, भांडी, कोंबड्या, वर बसवलेली पोरं. मी एकेक गाडी निरखत होतो, कुठं अक्का दिसते का म्हणून. करीमचाचांनीही नेहमीपेक्षा लांबूनच भोंगा वाजवला.

छपरातून धूर निघत होता. अक्का चहा गाळत होती. तोडीचा मुकादम कोयत्यांची, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यांची, नावं घ्यायला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा चहा पिऊन गेला, असं तिनं सांगितलं. पलीकडे मारोती करडईला पाळी घालत होता. चुलीशेजारी एक नवी लाकडी पेटी होती, चहा-साखर ठेवायला. तिच्या कडीला ते पितळी कुलूप लावलेलं होतं. मी ते लगेच ओळखलं.

“अक्का, हे घराचं ना?”

“हां. हितं दोन पायांचे मुंगळे लय व्हायलेत.”

“आणि घराला?”

तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला. “घराला कशाला? पोरगी शाळंतून येती की दुपारी.”